बाण हुडकायला गेलेली माणसं

त्या हिवाळ्यात आमच्या हरभऱ्याला माझ्या साड्यांचं कुंपण होतं. लग्नातला शालू तेवढा मी ट्रंकेत कुलूप घालून वाचवला, बाकी जुनं नेसूचं सगळं आमच्या ह्यांनी काठ्यांना बांधून टाकलं. वाऱ्यानं साड्या फडफडल्या की हरणं बिचकतात, असं सगळा गाव म्हणतो. पहिले काही दिवस बिचकलीही. मग त्यांच्या लक्षात आलं की हे नुसतं लुगडं आहे, आत बाई नाही. त्यानंतर ती साडीखालून माना घालून निवांत शेंडे खायला लागली.

मग ह्यांनी वडवणीच्या बाजारातून बॅटरीवरचा भोंगा आणला. त्यात आपल्याला हवा तो आवाज भरता येतो. तो माझाच भरला, कारण ह्यांच्या मते पंचक्रोशीत त्याहून मोठा आवाज मिळाला नसता. तिकडे रानात मी रात्रभर ओरडायची आणि इकडे घरात मीच कानावर गोधडी ओढून झोपायची.

आता हसत सांगते आहे, पण हरणांनी आम्हाला रडवलं होतं हेही खरं. आमचं गाव नांदूरघाटच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. गावामागे नजर पोहोचेल तिथवर माळ. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला कारखान्यांकडे जातं, घरांना कुलपं लागतात, आणि राखणीला उरतात ती म्हातारी माणसं आणि आमच्यासारखी, ज्यांच्या विहिरीला थोडंफार पाणी आहे अशी. कळपाला हे आमच्याआधी कळत असावं. उन्हं कलली की माळावरून उतरायचा, आणि सकाळी जाऊन बघावं तर हरभऱ्याच्या ओळीच्या ओळी बोडक्या झालेल्या असायच्या.

राखणीची आमची एक रीत आहे. हरणं दिसली की डबा वाजवायचा, हाळी द्यायची आणि ती शेजारच्या रानात हाकलायची. शेजारी ती त्याच्या शेजाऱ्याच्या रानात हाकलतो. त्यांना पार माळापर्यंत नेऊन कोणी सोडत नाही, तेवढं चालायला वेळ कुणाला आहे? ज्याचा शेजारी ऊसतोडीला गेलेला असेल त्याचं बरं चालतं, उलटून भांडायला कोणी येत नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं आणि मलाही वाटत नव्हतं.

माझ्या धाकट्या दिराचा थोरला मुलगा तेव्हा विशी ओलांडून गेला होता. दिराचं घर आमच्या घराला लागून, चुली वेगळ्या पण अंगण एकच. मला मूल नाही, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. हा पोरगा माझ्या अंगावर खेळला. जाऊ आणि दीर ऊसतोडीला गेले की तो महिनोन्‌महिने माझ्याकडे असायचा, माझ्याच ताटात जेवायचा, आणि आई परत आली की तिच्याकडे जायला रडायचा. जावेला ते कधी आवडलं नाही. मला मात्र फार आवडायचं.

बारावीनंतर तो तालुक्याच्या गावी तिरंदाजी शिकायला लागला. गावानं आधी खूप चेष्टा केली, रामलीलेत घ्या म्हणाले. पण पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागा असतात आणि तिरंदाजीत राज्य पातळीवर पदक आलं तर त्यातून घुसता येतं, हे कळल्यावर चेष्टा बंद झाली. त्याला पदक मिळालं. आता भरती निघायची वाट होती. दिरानं उमेदीची सगळी वर्षं उसाच्या फडात घालवली होती. त्याची कंबर कायमची वाकली होती आणि डाव्या हाताचं एक बोट कोयत्यानं नेलं होतं, म्हणून आता ती दोघं तोडीला जात नव्हती. पोराच्या हातात कोयता येऊ द्यायचा नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात असायचं, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं.

पोरगा घरी आला की आमच्या दोन रानांमधल्या बांधावर सराव करायचा. कडब्याच्या पेंढ्या गच्च बांधून त्यावर तो रंगीत गोलांचा कागद लावायचा. त्याच्या बाणांना मागच्या टोकाला केशरी रंगाची प्लॅस्टिकची पिसं होती, लांबून दिसावीत म्हणून. दोरी हनुवटीपर्यंत ओढून तो श्वास धरायचा, तेव्हा मी खुरपत असले तरी माझाही हात थांबायचा. बाण सुटल्याचा आवाज अगदीच लहान असतो, फटका पेंढीत बसतो तेव्हा तेवढा ऐकू येतो. मला ते बघायला बरं वाटायचं. आपल्या घरातलं माणूस एखादं काम इतक्या निगुतीनं करताना बघायला कुणालाही बरंच वाटेल.

त्यांच्या प्रशिक्षकांचा एक नियम त्यानंच मला मोठ्या तोऱ्यात सांगितला होता. समोर कुठलाही जीव असला तर बाण दोरीला लावायचा नाही. कोंबडी आडवी गेली तरी धनुष्य खाली. आणि हे बाण जनावरासाठी नसतातच, हेही त्यानंच समजावलं होतं. त्यांचं टोक गोल असतं, ते कागदात घुसायला पुरतं. जनावराला लागलं तर ते नुसतं आत रुतून बसेल, धड मारणार नाही आणि जगूही देणार नाही. हे सगळं त्याला ठाऊक होतं, म्हणून मी हे लिहिते आहे.

गावातली माणसं बांधावरून जाता-येता त्याला डिवचायची. “कागद कावून फोडतूस बे? तिकडं हरभरा सपला समदा. एखादं पाड की.” तो हसायचा. त्याचा बापही हसायचा.

एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तर तो मागच्या दारानं आला. धनुष्य खुंटीला न लावता त्यानं भिंतीला नुसतं टेकवलं.

“काकू, एक लागलं,” तो म्हणाला.

“काय लागलं?”

“हरीन. आपल्याच हरभऱ्यात हुतं. नुसतं भ्या दाखवावं म्हनून सोडला, पर लागला.”

“पडलं का?”

“न्हाई. पळालं. पोटात गेलाय बाण.”

“मग मागं गेलास का न्हाई?”

“आंधार पडला ना काकू.”

अंधार पडला नव्हता. चुलीपुढून मला अंगण दिसत होतं आणि आमच्या कोंबड्या अजून डालग्याखालीही गेल्या नव्हत्या. त्याच्या तोंडावर आधी लहान पोराची चमक होती, मोठी गंमत करून आल्यासारखी. मी थापटी सोडून त्याच्याकडे बघितलं, तशी ती हळूहळू गेली.

माझं माहेर घाटनांदूरच्या बाजूला, नांदूरघाट ते वेगळं. तिथं धुळवडीला पुरुष मंडळी काठ्या आणि कुत्री घेऊन माळावर सशांच्या मागे जायची. कायदा तेव्हाही असणार, आमच्या गावाला त्याचा पत्ता नव्हता. पण त्या शिकारीत एक गोष्ट पक्की होती. ज्याची काठी आधी लागली, त्यानं ते जनावर हाती येईपर्यंत त्याच्या मागं जायचं. जाळीत घुसलं तर जाळीत जायचं. ते मिळून त्याची मान मोडेपर्यंत त्यानं घरी यायचं नाही आणि जेवायचं नाही. एका धुळवडीला माझ्या बापाचा फटका बसलेला ससा काट्यांत गेला, तर बाप दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर परत आला, अंगावर ओरखडेच ओरखडे. आईनं विचारलं, सापडला का, तर त्यानं मान डोलावली आणि हात धुवून जेवायला बसला. माझा बाप काही देवमाणूस नव्हता. आईवर हात उचलायचा, बाजारच्या दिवशी पिऊन यायचा. पण ही एक गोष्ट मी त्याच्याकडून घेतली आणि ती मला अजूनही खरी वाटते.

हे मी पोराला सांगितलं आणि म्हणाले, “बॅटरी घे आन जा. मी येते संगं.”

तो उठलाही होता. तेवढ्यात दीर अंगणातून आत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“कुठं निघाला? बॅटरी घिऊन माळावर फिरला तर समदं गाव इचारंल, काय हुडकतो म्हनून. गुन्हा दाखल झाला की भरती सपली. काळविटाला जेल आस्ती, ठाव हाय ना?”

ते आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. डुक्कर मारलं तर गाव मटण वाटून खातो आणि गप्प बसतो. काळवीट म्हटलं की माणसं आवाज खाली करतात.

“आवो भावजी, जीव हाय त्यो. पोटात बाण घिऊन किती फिरंल?”

“हरनं लई हायेत वैनी. आमचं पोरगं एकच कामाला आलंय.”

पोरगा बापाकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग परत बापाकडे. शेवटी खाली बसला. त्या रात्री तो जेवला नाही, असं जाऊ दुसऱ्या दिवशी मलाच रागानं म्हणाली, जणू काही त्याची भूक मी चोरली होती. मला मात्र त्यातच बरं वाटलं. म्हटलं, आत कुठंतरी लागलंय, उद्या जाईल.

तो गेला नाही. ना दुसऱ्या दिवशी, ना त्याच्या पुढच्या.

मग एका सकाळी मी धुक्यात रानात गेले तर हरभऱ्यात एकच हरण उभं होतं. कळप नव्हता. मी नेहमीसारखा डबा बडवला आणि ओरडले. हरण डब्याला कसं उडतं हे ज्यानं बघितलंय त्याला ठाऊक आहे, जमिनीला पाय लागत नाहीत. हे उडालं नाही. ते वळलं आणि चालत निघालं. मला राग आला, इतकं निर्ढावलं कसं म्हणून मी ढेकूळही मारलं. ते माझ्या साड्यांच्या कुंपणापाशी अडलं. ओलांडायला त्याला पाय उचलवेना. तेव्हा ते बाजूला वळलं आणि मला त्याच्या कुशीतून निघालेली काडी दिसली, मागे केशरी पिसं असलेली.

नर होता, अजून पुरता काळा न झालेला. साडी कशीबशी ढकलून तो शेजारच्या ज्वारीत गेला. मी डबा हातात घेऊन तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं त्या ज्वारीतूनही डबा वाजल्याचा आवाज आला.

मी तशीच दिराच्या घरी गेले. अंगणात सगळेच होते. मी सांगितलं, आपलं हरण जिवंत आहे, मी बघितलं. त्यावर दिरानं पहिलं विचारलं ते असं:

“बाण हाय का अजून त्येच्यात? पिसं दिसत्यात?”

“दिसत्यात.”

“मंजी कुनालाबी दिसतील. उठ रं. बाण हुडकायला पायजे.”

मग आम्ही निघालो. दीर पुढे, पोरगा मागे, आणि कोणी बोलावलं नव्हतं तरी मी. आमचे हे परळीला लग्नाला गेले होते, नाहीतर त्यांनी मला अडवलं असतं. माझ्या हातात विळा होता, रानातून आले तेव्हापासून तो हातातच राहिला होता. दीर बाण शोधायला चालला होता, मी हरण शोधायला, आणि पोरगा कशाला चालला होता ते मला अजून नीट सांगता येत नाही.

वाटेत ज्याला त्याला विचारत गेलो. दीर म्हणायचा, आमची शेळी सुटलीय. पण गाव काही खुळा नव्हता. ज्वारीवाला म्हातारा म्हणाला, “शेळी न्हाई बघितली. हरीन आलतं. चालत न्हवतं नीट. मारला डबा, गेलं खाली करडीत.” करडईवाल्या बाईनं तिच्या रानातून ते काल हाकललं होतं आणि आज सकाळी परत. तिच्या पुढच्यानं कुत्रं सोडलं होतं. त्याच्या पुढच्यानं फटाके लावले होते. एकजण म्हणाला, “प्वाटात कायतरी आडकल्यावानी दिसत हुतं,” मग त्याची नजर पोराकडे गेली आणि तो तंबाखू मळायला लागला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं काय झालं होतं ते. जखमी जनावराला एका जागी पडून राहायचं असतं. पोटात बाण लागल्यापासून त्या हरणाला कुणी बसूच दिलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या रानातून ते हाकललं जात होतं, आणि फिरून फिरून त्याच रानांत येत होतं, कारण माळ चढायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. सगळ्यांनी फक्त आपापलं पीक राखलं होतं. माझाही डबा त्यातलाच एक.

ते ओढ्यात सापडलं. पाणी आटलं होतं, काठानं बेशरमीची झुडपं माजली होती, त्यांच्या बुडाशी ते पाय दुमडून पडलं होतं. आम्हाला बघून त्यानं मान उचलली, उठायचा प्रयत्न केला आणि पुढचे दोन पाय नुसते वाळूत खरडले. पोटाला सूज आली होती. जखमेवर माश्या बसल्या होत्या आणि वास येत होता. काळे पाणीदार डोळे तेवढे पूर्ण उघडे होते.

पोरगा वर दरडीवरच थांबला. दीर खाली उतरला. मला वाटलं, आता काहीतरी करेल, जुना तोडकरी माणूस, त्याला एका घावात संपवता आलं असतं. त्यानं हरणाच्या मांडीवर पाय दिला, बाण दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. तो सहज निघाला नाही. हरण एकदाच ओरडलं. हरणाचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तो शेळीच्या करडासारखा असतो.

बाण निघाल्यावर जखमेतून रक्त आणि पाणी वाहायला लागलं. दिरानं बाण वाळूत घासला, पाल्यानं पुसला, टॉवेलात गुंडाळला आणि काखेत मारला. हे सगळं त्यानं अगदी नीटपणे केलं.

मी वर बघून म्हणाले, “खाली ये.”

पोरगा हलला नाही.

“तुझं जनावर हाय त्ये. खाली ये आन संपव त्याला. हा घे इळा.”

“सपलं हाय त्ये,” दीर म्हणाला. “चल रे.”

ते संपलं नव्हतं. त्याच्या बरगड्या वरखाली होत होत्या आणि ते दिराला माझ्याइतकंच दिसत होतं. तो दरड चढून गेला, जाताना पोराच्या दंडाला धरून त्याला वळवलं, आणि दोघं दरडीच्या पलीकडे दिसेनासे झाले. दिराचा मला त्या क्षणी फार राग आला. पोराचा राग आला नाही. पोराचं वाईट वाटलं, आणि ते रागापेक्षा जास्त दुखलं.

मी परळीला फोन लावला. ह्यांना म्हटलं, फॉरेस्टवाल्यांना कळवा, ओढ्यात हरण पडलंय, जिवंत आहे. हे आधी म्हणाले, तुला कशाला नसत्या भानगडी. मी माझा भोंग्यातला आवाज काढला, तेव्हा हो म्हणाले.

मग मी तिथं बसले. हातात विळा होता. माझ्या बापाचं सगळं मला पाठ होतं, मान कुठं धरायची, पाय कुठं द्यायचा. मी उठून हरणाच्या मानेवर हात ठेवला. खाली शीर जोरात उडत होती. ते माझ्याकडे बघत होतं. मी विळा टेकवला आणि मला जमलं नाही. दुसऱ्यांदाही जमलं नाही. मी घरात कोंबडी कापते, तरी जमलं नाही. मग मी विळा झुडपात भिरकावला आणि पदरानं माश्या वारत बसले. बाटलीत पाणी होतं ते ओंजळीत घेऊन त्याच्या तोंडाला लावलं, ते त्यानं घेतलं नाही. मुंग्या लागायला लागल्या होत्या त्या मी बोटांनी काढत होते. ऊन सरकून माझ्या पाठीवरून दरडीवर गेलं. मध्येच मला वाटायचं गेलं, की परत एक श्वास यायचा. शेवटी पाय ताणले, आणि त्यानंतर आला नाही.

वनरक्षक गाडी घेऊन आला तोवर ते थंड पडत होतं. गाडी बघून गाव जमलं. दरडीवर ओळीनं माणसं उभी राहिली, तीच, ज्यांनी डबे वाजवले होते. वनरक्षकानं जखम बघितली, हातमोजा घालून बोट घालून बघितलं, मग वर बघून विचारलं, “ही कुत्र्याची जखम नाही. काय मारलंय याला? कोणी मारलंय?”

कडब्याच्या पेंढ्यांवरचा तो रंगीत कागद तिथून हाकेच्या अंतरावर होता. कुणाचंही डोकं त्या दिशेला वळलं नाही. ज्वारीवाला म्हातारा म्हणाला, “हितं कोन मारतंय सायेब. तारंचं कुंपन लागलं आसंल.” बाकीच्यांनी माना हलवल्या.

“बाई, तुम्ही बघितलं आधी. तुम्हाला काय माहिती?”

पोरगा त्या ओळीतच होता. मी त्याच्याकडे बघितलं, सगळ्यांसमोर, सरळ. मला वाटत होतं की हा आता बोलेल. मी त्याला जागा करून देत होते. मी नाव घेतलं असतं तर ते माझं बोलणं झालं असतं, आणि मला त्याचं हवं होतं. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

“मला हे असंच पडलेलं दिसलं,” मी म्हणाले.

त्यांनी हरण ताडपत्रीत गुंडाळून गाडीत टाकलं आणि तपासणीला नेलं. चौकशीला दोनदा माणसं येऊन गेली आणि काही हाती लागलं नाही म्हणून मग आली नाहीत. तो कागद आणि पेंढ्या त्याच रात्री बांधावरून नाहीशा झाल्या होत्या.

नंतर दिराचं आणि माझं बोलणं कामापुरतं राहिलं. जाऊ उलट माझ्याशी गोड वागायला लागली, कधी नव्हे ती वाटीभर भाजी आणून द्यायला लागली, आणि ते मला सगळ्यात जास्त टोचायचं. पोरगा तालुक्यालाच राहायला गेला. हरभरा निघाला, जे काही उरलं होतं तेवढा. कोणी त्या हरणाचं नाव काढलं नाही. मी मात्र मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं. कधीतरी एकटा सापडेल तेव्हा त्याला सांगायचं, की तुझा बाप खोटं बोलला, ते हरण तुम्ही गेल्यावर दुपारभर जिवंत होतं. त्याला हे ठाऊक नाही, म्हणूनच तो सुखानं झोपतो, असं मला वाटायचं. ठाऊक झालं तर तो तसा राहणार नाही, मी वाढवलेला पोरगा आहे, अशी माझी खात्री होती. त्या खात्रीवर मी दिवस काढत होते.

भरती झाली. त्याची निवड झाली. दिरानं अंगणात मांडव घातला, फटाके वाजले, फडातून आलेली माणसं जेवून गेली. दिराला मी त्या दिवशी रडताना बघितलं आणि मलाही रडू आलं, ते खोटं नव्हतं. संध्याकाळी पोरगा पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं बॉक्स कट्ट्यावर ठेवला आणि माझा हात धरला.

“काकू, त्या दिशी तुमी नाव घेतलं न्हाई. न्हाईतर ह्ये कायबी झालं नसतं. मी इसरनार न्हाई.”

त्यानं माझे आभार मानले होते.

“मी नाव घेतलं न्हाई, ते तू घेशील म्हनून,” मी म्हणाले. “आन तुला एक ठाव न्हाई. तुझ्या बापानं सांगितलं सपलं म्हनून. ते सपलं नव्हतं. तुमी गेल्यावर लई येळ जित्तं हुतं.”

“ठाव हाय,” तो म्हणाला.

“काय ठाव हाय?”

“मी गेलतोच न्हाई काकू. दादा म्होरं गेले. मी बाभळीमागं थांबलतो. समदं बघितलं मी. तुमी पानी पाजत हुता ते बघितलं. इळा टाकला ते बघितलं.”

आधी मला फार बरं वाटलं. तो गेला नव्हता, त्याला टाकून जाववलं नव्हतं, म्हणजे माझं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याच्या तोंडावरून हात फिरवणार होते.

“मग खाली कावून आला न्हाईस बाळा?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. लपवालपवी काही नव्हती त्याच्या डोळ्यांत, लाजही नव्हती. असं काय विचारते ही, एवढंच होतं.

“तुमी हुता की तितं,” तो म्हणाला.

मग तो वाकून पाया पडला. माझ्या तोंडून सवयीनं ‘सुखी रहा’ निघालं, आणि तो पुढच्या घरी पेढे द्यायला गेला.